चार न्यूट्रॉन जास्त

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. अणूचा धडा माझ्या आवडीचा. फळ्यावर मधोमध केंद्रक काढायचं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉनच्या कक्षा. प्रोटॉन किती यावर मूलद्रव्य ठरतं. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर मूलद्रव्य तेच, वजन फक्त वेगळं. ही झाली समस्थानिकं. त्यांचे उपयोग लिहा म्हटलं की मुलं लिहायची, आयोडिनचं समस्थानिक थायरॉईडच्या आजारावर वापरतात. मी बरोबरची खूण करून पान उलटायचे.

मग माझ्याच गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली, कर्करोगाची. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. उरल्यासुरल्या पेशी मारायला डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडिन सांगितलं. नेहमीच्या आयोडिनमध्ये त्रेपन्न प्रोटॉन आणि चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन. यात न्यूट्रॉन अठ्ठ्याहत्तर. चारच जास्त. थायरॉईडच्या पेशींना हा फरक कळत नाही, त्या नेहमीचंच आयोडिन समजून ते आत घेतात. पण ते केंद्रक टिकत नाही; ऱ्हास होताना किरणं सोडतं आणि पेशी आतून मरते. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी रात्री झोप लागत नव्हती.

कारण लेक बाळंतपणाला घरी आली होती. औषध घेतल्यावर काही आठवडे गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यापासून लांब राहायचं होतं. औषधाची तारीख पुढे ढकलली तर पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नव्हतं.

"तूच शिकवतेस ना हे? मग एवढी घाबरतेस कशाला?" लेक म्हणाली.

"शिकवते म्हणून तर घाबरते," मी म्हटलं.

वेळणेश्वरला नणंदेचं घर बंद असतं. मी तिथे राहायचं ठरलं. आधी माझे मासे बंद झाले, मीठही माझ्यापुरतं बिनआयोडिनचं आणलं, म्हणजे पेशी आयोडिनसाठी भुकेल्या राहतील. मग हॉस्पिटलच्या जाड भिंतींच्या खोलीत एकाने चिमट्याने शिशाच्या डबीतून एक कॅप्सूल काढून माझ्यापुढे धरली, आणि मी गिळल्यावर लगेच मागे सरला. त्याचं मागे सरणं मला फार लागलं.

सुट्टी मिळाल्यावर नवरा गाडी घेऊन आला. मी मागच्या सीटवर, त्याच्यापासून तिरकी बसले. जयगडला फेरीबोटीवर गाडी चढवली आणि वारा घ्यायला मी बाहेर उभी राहिले. एक बाई कडेवरचं मूल घेऊन शेजारी आली. मी सरकले, तर तीही हसून बोलायला सरकली. शेवटी मी गाडीत जाऊन काच वर केली. तिचा चेहरा पडला. तिला काय सांगणार होते?

वेळणेश्वरला नवऱ्याने किराणा ठेवला आणि तो परत गेला. दुसऱ्या दिवशी फोनवर लेक सहज म्हणाली, "तुझी पिशवी गाडीतच राहिली होती. कपडे धुऊन टाकले मी."

हॉस्पिटलातले कपडे. माझ्या घामाचे. ते वेगळे ठेवून वेगळे धुवा, असं बजावून सांगितलेलं. मी तिला काही बोलले नाही; नवऱ्याला मात्र नको ते बोलले.

आणि दोन दिवसांनी तिला कळा सुरू झाल्या, तारखेच्या बऱ्याच आधी. घरात रेंज धड टिकत नव्हती. मी दिवसभर देवळाच्या बाजूच्या उंचवट्यावर, कोणी जवळ येणार नाही असं बघून, फोन हातात धरून उभी होते. मुलगी झाली, पण काचेच्या पेटीत ठेवलीय, असं नवऱ्याने सांगितलं. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

मी कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधल्या किरणांचं माप घेणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. कपडे किती होते, हाताने धुतले की मशीनमध्ये, किती वेळ, असं त्या शांतपणे विचारत गेल्या. मग म्हणाल्या, "बाई, कपड्यांत औषधाचा अंश असतो, पण अगदी थोडा. त्याने बाळ लवकर येत नाही. तुम्ही आधी काहीतरी खा."

मला पटलं. तरी भीती गेली नाही. या आयोडिनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं. मी मनात पुन्हा पुन्हा अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं करत राहिले. तो आकडा शून्य होत नाही, हेच तेवढं दिसायचं. नात पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली, हे मला व्हिडिओवर कळलं. तिच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉईड तपासला होता. सगळ्याच बाळांचा तपासतात म्हणे. रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी न्हाणीत जाऊन रडले.

पुढे कोल्हापूरला त्याच बाईंनी यंत्र गळ्याजवळ धरलं, आकडा बघितला आणि आता घरी जा म्हणाल्या. मी घरी पोचले, आंघोळ केली, आणि तरीही दारातच उभी राहिले. लेकीने वाट बघितली, मग स्वतःच उठून आली आणि बाळ माझ्या हातांत दिलं.

"मानेखाली हात धर," एवढंच ती म्हणाली.