वेणूचा धवला

पळस्प्याच्या अंगाला जी गावं आहेत, तिथे एके काळी लग्नाची वेळ भीमाबाईच्या चहावर ठरायची. तिची बशी रिकामी झाली की ती उठणार, दिवा लावणार, आणि धवला म्हणणार. मग लग्न लागणार. जमिनी विकून तीन मजली बंगले चढवलेले, गळ्यात बोटभर जाड साखळ्या घातलेले आगरी बाप्येही हातात साखरेचा डबा घेऊन तिच्यापुढे उभे. "मावशे, अजून घालू?" तर म्हणायची, "घाल. तुझ्या पोरीची सासू बघून आयलंय मी, गोड काय ते आताच पिऊन घेते."

भीमाबाई धवलारीण. गाण्याने लग्न लावणारी बाई. नियम तिचे दोनच. धवल्यात नवरीचं नाव आलंच पाहिजे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तेच, आणि सुरू झालेला धवला अर्ध्यात तुटता कामा नये. ज्या मांडवात तो तुटेल, त्या मांडवातली नवरी सुखाने नांदायची नाही. कमलाकरच्या लग्नात मांडवाच्या कापडाने पेट घेतला, वऱ्हाड शेतातून पळालं, पण हिने नवरा-नवरीची मनगटं धरून शेवटच्या ओळीपर्यंत दोघांना हलू दिलं नाही. कमलाकरला भुवया पुन्हा यायला महिना लागला. बायकोला अजून वाटतं, नव्या आल्या त्याच बऱ्या आहेत.

दोन हजार बाराच्या सुमारास खारघरहून दीपेश नावाचा गोड बोलणारा तरुण माइक घेऊन आला. "आजी, धवले जतन करायचेत." हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की तो कंप्युटरवरचा भुताचा गेम बनवत होता.

"लगीन नाय तर धवला कोनाचा म्हनू?" भीमाबाईने विचारलं.

"घाला कुठलंही नाव."

कुठलंही कसं घालणार? जित्या पोरीचं नाव मांडवाशिवाय घेतलं तर तिचं लग्न नासायचं. मग तिने असं नाव घेतलं, जिचं आता काही नासणार नव्हतं. वेणू. तिची लेक. लग्नाला दहा दिवस उरले असताना काविळीने गेली. ठरलेला नवरा पाठच्याच मुहूर्तावर दुसरीकडे बोहल्यावर चढला, तेही त्याच सुटात. भीमाबाईने त्या दिवशी डोळे मिटून वेणूचा धवला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटला, आणि दीपेशला जाताना चार लाडू बांधून दिले.

पुढच्या हिवाळ्यात तळोज्याच्या एका लग्नात तिने सूर लावला मात्र, नवऱ्याचे दोस्त छाती धरून किंचाळले. "गेली रे, पट्टी गेली!" सगळे खो खो हसले. तिला वाटलं, प्यायलेत. दुसऱ्या लग्नात नवरीच दचकून रडली. तिसऱ्याचं बोलावणं आलंच नाही.

शेवटी नातीने, लेकाच्या म्हणजे महादेवच्या अंकिताने, भर दुपारी लॅपटॉपवर दीपेशचा गेम उघडून दाखवला; एव्हाना तो पोरापोरांत खेळला जात होता. पडक्या घरात एक डिटेक्टिव्ह खुनाचा तपास करतोय. कोपऱ्यात हिरवी पट्टी, ती त्याच्या शुद्धीची. भयंकर काही दिसलं की पट्टी उतरते, आणि फार उतरली की त्याला नाही ते दिसतं, तो भलत्यालाच खुनी ठरवून बसतो. ती उतरायला लागली की लांबून भीमाबाईचा आवाज यायचा. 'ये गो वेणू मांडवाला...' आणि सडलेल्या तोंडाची, हळद लावलेली नवरी भिंतीतून निघायची. ओळ तिथेच तुटायची.

भीमाबाई स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली.

"हिचं लगीन कवा लागतं?"

"लागत नाय आजी. शेवटी तिची हळदीची साडी जाळायची. मग केस सुटते."

"जालल्याबिगर?"

"नाय सुटत."

यावर तिने गावात कुणाशी भांडण काढलं नाही. तिला आता एकच धवला हवा होता, अंकिताचा. वेणू गेल्यावर याच पोरीच्या मांडवासाठी ती गळा राखून होती. थंड पाणीसुद्धा पीत नसे.

अंकिताचं लग्न ठरलं प्रणितशी, आणि प्रणितने तो गेम दोनदा संपवलेला. हळदीच्या सकाळी पोरगी आजीसमोर उभी राहिली. "आजी, माझं नाव तुझ्या तोंडी नको. लोक हसतील. भटजी लावतील लग्न."

"बरं बाय," भीमाबाई म्हणाली. तरी लग्नाला नऊवारी नेसली, दिव्याचं ताट मांडीवर घेतलं आणि पहिल्या रांगेत बसली.

मंगलाष्टकं झाली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात प्रणितच्या दोस्तांनी गंमत म्हणून डीजेच्या भोंग्यातून तो आवाज सोडला. 'ये गो वेणू मांडवाला...' हॉल किंचाळला, हसला. नवराही हसला. आणि ओळ तुटली, अंकिताच्या मांडवात.

भीमाबाई उठली. तुटलेला धवला नातीच्या डोक्यावर ठेवून तिला बसता येईना. जिथे तो तुटला होता तिथूनच तिने सूर उचलला. आणि नाव? धवला ज्या नावाने सुरू झाला त्याच नावाने संपतो. पहिल्या कडव्यात तिच्या डोळ्यांपुढे अंकिता होती. दुसऱ्यातही होती. तिसऱ्यात वेणूच्या कपाळाला मुंडावळ्या चढल्या, आणि मग भीमाबाईला बाकी कुणी दिसलं नाही. समोर शंभर मोबाइल उगारलेले. कुणीतरी ओरडलं, "म्हातारीची पट्टी गेली रे!" तिने शेवटची ओळ पुरी केली, अक्षता टाकल्या, पदराने तोंड पुसलं. नंतर जेवायला बसली आणि दोनदा भात घेतला.

पाठवणीला अंकिता रांगेने सगळ्यांच्या पाया पडत आली. आजीपाशी थांबली. वाकली नाही.

"माझ्या लग्नात तू मेलेलीचं लगीन लावलंस."

तुझ्यासाठीच पुरा केला गो, हे भीमाबाईच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण धवल्याच्या बाबतीत ती जन्मात खोटं बोलली नव्हती.

"लावलं बाय," ती म्हणाली.