दसऱ्याला पिवळे झालेले चेंडू

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळलेले चेंडू मी जमवतो. जळगावात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "क्रिकेटचे का नाही?" उत्तर देणं मी कधीच सोडलंय. अमेरिकेतला माझा भाचा सुट्टीवर येताना एखादा घेऊन येतो. प्रत्येक चेंडूवर चकचकीत स्टिकर असतं, त्यावर नंबर. तो वेबसाइटवर टाकला की चेंडू कोणत्या सामन्यातला, कुणी टाकलेला, ते कळतं. पण माझा जीव त्या स्टिकरात नव्हता. बॅट लागल्याचा काळा डाग आणि तिथल्या मैदानाची माती, यांच्यासाठी मी ते काचेच्या कपाटात ठेवले होते. कुणाला हात लावू देत नव्हतो.

यंदा दसऱ्याला आंघोळ करून बाहेर आलो, तर सगळे चेंडू पाटावर, स्कूटरच्या चावीशेजारी मांडलेले. आईने ते ओल्या फडक्याने घासून लख्ख पुसले होते आणि प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं ओढली होती.

मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तू इतलं जपस त्यास्ले, मंग पूजा नको का?"

माती गेली. हळद मात्र पांढऱ्या चामड्यातून जाता जात नाही. नंबर टाकला तर वेबसाइट अजूनही चेंडू अस्सल असल्याचं सांगते. ते अस्सलपण आता काय चाटायचंय? इतक्या वर्षांत या चेंडूंची कदर करणारं एकच माणूस मला भेटलं, ते म्हणजे माझी आई. आणि तिनेच त्यांची वाट लावली.