भोगवटा

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, जन्मभर एका कचेरीत लिफ्टमन होते. साहेब असो नाहीतर शिपाई, सगळ्यांना वर-खाली पोचवलं. आणि आता स्वतः पाचव्या मजल्यावर अडकून पडले होते. पाय मोडलेला, जिना उतरवेना, आणि लिफ्ट खाली प्लॅस्टिक गुंडाळून उभी. का? तर भोगवटा पत्र नाही.

भोगवटा पत्र म्हणजे इमारत राहायला योग्य आहे, असं पालिकेनं लिहून देणं. ते मिळालं की लिफ्टला वीज. आमचे हे सोसायटीचे सचिव. एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं, "पत्र मिळेपर्यंत इमारतीत कोणी राहायचं नसतं."

"मग आपण काय करतोय?"

"आपण राहतच नाही," हे म्हणाले. कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवली मी. या माणसाशी संसार केलाय मी, देवा!

नाना मात्र खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "सूनबाई, भोग तर आले. आता तो वटा कधी यायचा?" खालच्या फाटकाशी बसून येणारी-जाणारी माणसं बघायची, एवढंच त्यांना हवं होतं. माझा जीव तुटायचा.

एके दिवशी कळलं, पालिकेचे साहेब पाहणीला येणार. झालं! दोऱ्यांवरचे कपडे, दारातल्या चपला, कुंड्या, सगळं गायब. अख्खी इमारत समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. बस येत होत्या, थांबत होत्या, कोणी चढेना. कंडक्टर शिव्या घालून पुढे जात होते.

नानांना उतरवणार कोण? ह्यांनी पलंगावर रंगाऱ्याची चादर टाकली, चार रंगाचे डबे भोवती मांडले आणि म्हणाले, "नाना, हलायचं नाही. तुम्ही सामान आहात."

"लाज वाटते का हो?" मी ओरडले. मी काही हलले नाही. हातात झाडू घेऊन साफसफाईवाली झाले.

साहेब पाच मजले चढून आले ते धापा टाकत. खोलीत शिरले आणि समोर दिसलं त्यावर धपकन बसले. नानांच्या मोडक्या पायावरच!

"आई गं!" सामान किंचाळलं.

साहेब ताडकन उठले. "कोण आहे?"

नानांचं डोकं चादरीतून बाहेर आलेलं. ह्यांनी त्या डोक्याकडे सरळ बघून सांगितलं, "कोणी नाही, साहेब."

नाना लेकाकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, झाडू घालावा ह्यांच्या टाळक्यात.

साहेबांनी घाम पुसला. "आजोबा, खरं सांगा. इथे राहता?"

"राहणारा माणूस येतो-जातो, साहेब. मी अडकलोय."

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं. पत्र नाकारलं तर पुन्हा पाहणीला यायचं, आणि पुन्हा चढायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. "अडकलेल्यांचा रकाना नाही आमच्याकडे," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं, इमारत रिकामी.

पत्र आलं, वीज आली. प्लॅस्टिक फाडून लिफ्ट सुरू झाली. पहिली फेरी नानांची. फाटकाशी खुर्ची टाकली. दिवसभर येईल त्याच्याशी गप्पा, भाजीवाल्याची थट्टा, नुसती मजा. अंधारून आलं तसे हे त्यांना न्यायला आले. "चला नाना, वर."

"वर कोण राहतं?"

"असं काय करता? आपण राहतो."

"साहेबांना तर म्हणालास, कोणी नाही."

"अहो, ते कागदासाठी होतं!"

"माझ्या तोंडावर म्हणालास."

लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं. मग ह्यांनी खुर्चीपाशी बसकण मारली आणि हळूच म्हणाले, "माझे वडील राहतात वर."

"ऐकू नाही आलं."

"पाचव्या मजल्यावर माझे वडील राहतात!" हे असे ओरडले की खिडक्या उघडल्या. ह्यांचे डोळे वाहत होते.

नानांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं. उठव मला," म्हणाले.