झिलेची जागा

देव ऐकतो, असं सगळे सांगतात. माझी तक्रार एवढीच होती की ऐकत असेल तर त्याने अधूनमधून हुंकार तरी द्यावा. लहान पोराला गोष्ट सांगतानासुद्धा आपण म्हणतो, हुं म्हण बाबा, नाहीतर मी सांगायचा थांबेन. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मी देवाच्या बाबतीत नेमका ह्याच बेताला आलो होतो. मूर्ती आणायची, पूजा करायची, पण गाणं बंद. फार झालं भिंतीशी बोलणं.

मी जाखडीचा शाहीर. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीत गडी पायात चाळ बांधून गोल फिरत नाचतात, ती जाखडी. मध्ये ढोलकी, झांज आणि शाहीर. शाहीर ओळ सोडतो, मागचे झिलकरी ती झेलून वर उचलतात, तिला म्हणायचं झील. बाकीचे शाहीर पुराणातले सवाल-जवाब गायचे. मला ते कधी जमलं नाही. मी गाणी केली आगबोटीची, उशिरा येणाऱ्या मनीऑर्डरीची, काजू सोलून काळ्या पडलेल्या बोटांची. रचायचो मी, चाल लावायचो मी. त्यात मुंबईहून बेंजो आणला, कळा दाबून वाजवायचा. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. "जाखडीत ही टिणटिण कशाला घातलीस रे मेल्या?" पण तरण्या पोरांना ती टिणटिणच आवडली. काही वर्षं आमचं नाव झालं. मुंबईला चाकरमान्यांच्या चाळींत आमच्या बाऱ्या, म्हणजे कार्यक्रम, व्हायच्या, आणि आगबोटीचं गाणं लागलं की माणसं डोळे पुसायची.

त्यातूनच एका कंपनीने तबकडी काढायला बोलावलं. तिथला साहेब म्हणाला, मागची माणसं नकोत, गर्दी होते, एकट्याने म्हणा. माझा झिलकरी भिकाजी बाहेर बाकावर बसून राहिला. लहानपणापासूनचा दोस्त, त्याच्याशिवाय मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आत मी गायलो, पण सवय जाते कुठे? प्रत्येक ओळ झाली की मी थांबलो, आता भिकाजी उचलेल म्हणून. तबकडी निघाली ती तशीच. एक ओळ, मग नुसती ढोलकी, मग पुढची ओळ. वाडीत ऐकली तेव्हा हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "बुवा मध्येमध्ये कोणाची वाट बघतायत रे?" तबकडी काही खपली नाही आणि कंपनीने पुन्हा विचारलं नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटायची. भिकाजी मात्र हसला नाही. म्हणाला, "माझी जागा ठेवलीस ना, बस झालं."

पुढे एकेक गडी मुंबईला गिरणीत चिकटला. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. आणि त्या वर्षी शिमग्यात भिकाजीही गेला. तापाचं निमित्त झालं. त्यानंतर मी गाणी रचायचो ती कोणासाठी, कोण जाणे. घरापुढच्या खळ्यात बसून एक ओळ म्हणायची आणि पुढे काहीच येत नाही. घरात दुसरं माणूस नसलं की आपला आवाजसुद्धा परका वाटतो. भात रटरटताना त्या भाताशीच बोलायचो मी, खोटं कशाला सांगू.

आता अडचण काय होती ती सांगतो. आमच्या घरची एक रीत आहे. गणपती आणताना मूर्तीच्या तोंडावर फडकं असतं. ते दारात काढायचं, पण त्याआधी त्या वर्षाचा नवा गण म्हणायचा, झिलेसकट. गण म्हणजे गणपतीला घातलेली पहिली हाक. वडिलांनी ही रीत कधी मोडली नाही, मीही नाही. गण मी सवयीने रचला होता, पण झील कोण देणार? शेजारी भजनी मंडळातले, जाखडीकडे ते नाक मुरडून बघत. म्हणजे ह्या वर्षी फडकं मुकाट्याने काढायचं. आणि एकदा तसं काढलं की पुढच्या वर्षी गण रचायला हात उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शहरात मूर्तिकाराकडे गेलो तर तो पाट हातात देताना म्हणाला, "एकटेच? आणि ढोलकी कुठाय?" मी म्हटलं, "ढोलकीला सर्दी झाली." तो हसला. मला काही हसू आलं नाही. मूर्ती डोक्यावर घेतली आणि राजिवड्याच्या धक्क्यावर आलो. भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता, तरीतून, म्हणजे होडीतून, जावं लागे. नेहमीचा तरवाला आजारी होता आणि त्याच्या जागी राजिवड्याचेच तिघे भाऊ वल्ही घेऊन बसले होते. एरवी ही माणसं गलबतावर, पण पाऊस लांबल्याने दर्या अजून बंद म्हणून घरी. थोरल्याचं नाव दाऊद. माझी त्याची ओळख नव्हती.

"येवा चाचा," तो म्हणाला. "पाट मांडीवर घ्या हां, ओहोटी लागलीय, होडी जरा नाचंल."

जरा कसली. मध्यावर पाण्याने आम्हाला धरलंच. ओहोटी समुद्राकडे ओढत होती, वारा उलटा होता, आणि पाऊस आडवा येऊन मूर्तीवरचं फडकं भिजवत होता. मी पाटावर ओणवा झालो. मला पोहता येतं, पण शाडूच्या गणपतीला येत नाही. मनात म्हटलं, घे, हेच राहिलं होतं.

तेव्हा दाऊदने आवाज टाकला. वल्ही एका वेळी पडावीत म्हणून खलाशी गातात तसं.

"बोट गेली बंदरातून, धूर राहिला गो."

आणि दोघे भाऊ, वल्हं ओढता ओढता: "हां ओढ, हां ओढ."

मी पाटावरून मान वर केली. ते माझं गाणं होतं. तबकडीतलं, जसंच्या तसं. ओळ संपली की जिथे नुसती ढोलकी वाजायची, तिथे त्यांचं ओढणं येत होतं. एकही जागा रिकामी जात नव्हती. ओळीमागून ओळ गेली आणि होडी पाण्याच्या त्या ओढीतून सुटली.

पाणी शांत झाल्यावर मी विचारलं, "हे गाणं कुठलं हो?"

"वेंगुर्ल्याला एका हॉटेलात तबकडी होती. वाऱ्याने अडकलो होतो तेव्हा रोज ऐकली," दाऊद म्हणाला. "आता आमच्या गलबतावर शीड चढवताना हेच म्हणतात सगळी. गाणारा कोण ते ठाऊक नाय. पण दर्यातलाच कोणतरी असणार. ओढायला जागा बरोब्बर सोडलीन."

मग पुढची ओळ मीच म्हटली. दाऊदचं वल्हं हातातच राहिलं. आवाज माणूस लपवू शकत नाही. "या अल्ला," तो हळू म्हणाला, "तुमी हाव ते?"

मला रडू आलं. लाज वाटायचं वय गेलं होतं. रडतरडतच त्याला सगळं सांगितलं, भिकाजीचं, फडक्याचं, झिलेचं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "घर कुठं तुमचं?" माझं घर उतरायच्या धक्क्याच्या वरच्या अंगालाच, जांभ्याच्या पायऱ्या चढल्या की खळं. ते मी बोटाने दाखवलं. तो म्हणाला, "पलीकडं माणसं खोळंबलीत, मला वर येता येत नाय. पण आमी परत जाताना तुमी खळ्यात उभं राहून म्हणा. पाण्यावरून आवाज जातो. पुढचं आमच्यावर सोडा."

पायऱ्या चढून मी पाट दारात ठेवला. खाली होडी निघाली होती. मी गळा मोकळा सोडला.

"तोंड झाकून आलास देवा, ओळखलं मी पावलांनी."

आणि थांबलो. त्या थांबण्यात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मग खालून, पावसातून, तिघांचा आवाज आला: "ओळखलं मी पावलांनी." मी पुढची ओळ सोडली. "दारात कोणी नाही तरी, ये तू आपल्या मनानी." पुन्हा झील आली, थोडी लांबून. तिसऱ्या ओळीची अगदी बारीक ऐकू आली. चौथ्या ओळीनंतर मी थांबलो तेव्हा नुसता पाऊस होता. तरी झिलेला लागतो तेवढा वेळ मी थांबलोच, आणि मग फडकं काढलं.

ह्याला कोणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी भांडायला जाणार नाही. मला इतकंच कळलं की हुंकार मी माझ्या खळ्यात शोधत होतो आणि तो दिला जात होता भर दर्यात, मला न सांगता, किती तरी वर्षं. जी चूक मी लाजेने मरत वागवली, तिथेच माणसांनी आपला श्वास ठेवला होता. आपलं काम ओळ सोडायचं. झेलणारा कोण, कुठला, कोणत्या देवाचं नाव घेणारा, हे ठरवणं आपल्याकडे नाही.

मी अजून एकटाच आहे, भात अजून एकट्यापुरताच शिजतो. पण दरवर्षी नवा गण होतो. दाऊदची होडी खाडीत असली तर झील येते, तो गलबतावर असला तर येत नाही. ओळ म्हणून झाली की मी भिकाजीची जागा सोडतो आणि उभा राहतो.