मी बसवलेलं ग्राफिक्स कार्ड

हसायचं असेल तर मधेमधे हसून घ्या. शेवटी हसू नका. शेवटी मी उठून चालायला लागतो आणि पाठीमागून आलेलं हसू मला सोसत नाही.

मी मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीतली मोटर वर काढायची, खोलायची, जळालेली तार बदलून भरायची आणि पुन्हा खाली सोडायची, यात आमच्या भागात माझ्याशिवाय दुसऱ्याचं नाव कोणी घेत नव्हतं. बढाई नाही. विचारा कुणालाही.

माझे दोन नियम. चालत्या जोडाला हात लावायचा नाही, आणि कंपनीचं सील तोडायचं नाही. सील तुटलं की गॅरंटी गेली. मग दुकानदार आपल्याला ओळखही देत नाही.

आता काही लोक म्हणतात, या नियमांनीच मिस्त्रीचा घात केला. काही लोक म्हणजे आमचा शेजारी बाबाराव. पिठाची गिरणी आहे त्याची. तो येईलच पुढे.

तर आमची सून वैशाली. शिकलेली आहे. कम्प्युटरवर घरांचे नकाशे काढते. नुसते नकाशे नव्हे हो! घर बांधायच्या आधी घरात फिरवून आणते. दार उघडतं, आपण आत शिरतो, जिना चढतो, गच्चीवरून खाली बघतो. आणि खऱ्या जागेवर अजून बाभळी उभ्या! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा गच्चीच्या काठावर घट्ट खुर्ची धरली होती. हे कुणाला सांगितलेलं नाही.

पाथरीच्या एका गुत्तेदाराला, म्हणजे कंत्राटदाराला, मंगल कार्यालय बांधायचं होतं. त्यानं फोन केला. "मॅडम, रविवारी येतो तुमच्याकडं. आख्खं कार्यालय फिरवून दाखवा. पसंत पडलं तर हे काम तुमचं. नाही तर शहरातला माणूस हायच."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. शहरातला माणूस हायच म्हणे!

पण खरी अडचण निराळीच होती. मंगल कार्यालय आमच्या कम्प्युटरला ओढवेना. चित्र दोन पावलं जायचं आणि अडून बसायचं. वैशाली म्हणाली, "मामा, याला ग्राफिक्स कार्ड बसवावं लागतंय. चित्रं हलवायचं सगळं काम ते एकटं करतं."

सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. मी लगेच समजलो. म्हणजे जादा मोटर. यात शिकण्यासारखं काय आहे?

खोकं आलं. बसवायला दुकानाचा माणूस शनिवारी येणार होता. वैशाली चुडाव्याला माहेरी गेली होती, भाचीच्या बारशाला. घरात मी, आमची मंडळी म्हणजे बायको, आणि खोकं. मी दुकानात फोन लावला आणि सांगितलं, माणूस पाठवू नका. इथं मिस्त्री आहे.

मंडळी दारातून बघत होती. "अव, पोरीला येऊ द्या की."

"ती येईपर्यंत चालू करून ठेवतो."

"तुमी चालू केलेलं मग दुरुस्त कोण करणार?"

मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. कारागिरानं काम करताना बोलू नये.

खोक्यात एक कागद होता. अक्षरं इंग्रजी, पण चित्रं कुणालाही कळावीत अशी. कम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं. कार्ड खाचेत धरलं, दाबलं, टच्च आवाज आला. करंटची वायर जोडली. स्क्रू आवळले. एक स्क्रू उरला नाही, एक कमी पडला नाही! दुकानाच्या माणसानं यापेक्षा निराळं काय केलं असतं?

मग मी पेटी फिरवून मागून बघितली. नव्या कार्डाला वायर लावायची भोकं होती आणि प्रत्येक भोकावर काळं टोपण, गच्च बसवलेलं.

आता तुम्हीच सांगा. नव्या वस्तूवर कंपनीनं गच्च बसवलेलं टोपण म्हणजे काय? सील! दुसरं काय असतं?

स्क्रीनची वायर आधीपासून जुन्या भोकात होती. चालता जोड. तिला हात लावायचं कारणच नव्हतं. मी दोन्ही नियम पाळले. पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाठ भिंतीला टेकवून पेटी कोनाड्यात अशी बसवली की उंदीरसुद्धा मागे जाऊ नये.

बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले. आत निळा-लाल उजेड पडला. मंडळीनं हात जोडले. कार्डाला हो, मला नाही.

वैशाली परत आली आणि बघतच राहिली. "मामा! तुमी बसवलं?"

"मग कोण बसवणार?"

तिनं काहीतरी बटणं दाबली. कार्डाचं नाव पडद्यावर आलं. "मामा, एक नंबर!" म्हणाली. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा पडलेला. "मामा, नाव तर दिसायलंय, पण काम दिसंना. चित्र अडायलंय तसंच. एकदा मागून बघू का?"

"काय बघायचंय?"

"जोड."

माझा जोड! बघायचा! उभ्या जन्मात माझा जोड कुणी तपासला नव्हता. मी म्हणालो, "नवं ट्रॅक्टर आणलं की पहिल्या दिवशी नांगराला जुंपतात का? आधी हळूहळू चालवतात. मशीन रुळू दे."

"मामा, कम्प्युटरला तसं नसतंय…"

"मशीन ते मशीन."

पोर परत पडद्याकडे वळली. पेटी कोनाड्यातून ओढायची तर मला उठवावं लागलं असतं, कारण मी खुर्ची तिथेच टाकली होती.

मधल्या दिवसांत मी काय केलं? पारावर सांगितलं. दुकानात सांगितलं. आमच्या घरात मंगल कार्यालय चालणार आहे, रविवारी या म्हणून सांगितलं. कार्ड कुणी बसवलं हेही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

रविवारी गुत्तेदार आला. जाड माणूस, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. त्याच्या मागून आख्खी गल्ली आत शिरली. बाबाराव सगळ्यात पुढे.

वैशालीनं कार्यालय उघडलं. मोठं दार दिसलं. लोक म्हणाले, वा! दार उघडायला लागलं. अर्धं उघडलं आणि थांबलं.

थांबलं म्हणजे थांबलंच.

गुत्तेदार म्हणाला, "आत कोणी कडी लावलीय का?"

लोक हसले. वैशालीच्या कपाळावर घाम आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कोनाड्यापुढे उभा राहिलो आणि जाहीर केलं, "व्होल्टेज कमी हाय."

"मग?"

"मग काय! बाबाराव, गिरणी बंद करा!"

बाबाराव उडालाच. "अहो मिस्त्री, लोकांचं दळण चालू हाय! पोरगं बसवून आलोय गिरणीवर."

"माझ्या सुनेचं काम मोठं का तुमची ज्वारी मोठी?"

गिरणी बंद झाली. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन आमच्याच अंगणात आल्या. दार थोडं पुढे सरकलं आणि पुन्हा अडलं. मी घरातले पंखे बंद केले. मग शेजाऱ्यांचे कूलर बंद करायला लावले. उन्हाळ्याचे दिवस, एका खोलीत सगळी गल्ली, आणि एक वारा नाही! गुत्तेदाराचा पांढरा शर्ट अंगाला चिकटला. आतापर्यंत त्याला नुसतं दार दिसलं होतं, तेही अर्धं.

तो उठला. "मॅडम, तुमची मेहनत दिसायलीय मला. पण लग्नाची तिथी टळून जाईल हो या दारात. मी बघतो शहरातला—"

"साहेब, एक मिनिट," वैशाली म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. "मामा. आता तरी बाजूला व्हा."

सगळ्या गल्लीसमोर सून मला बाजूला व्हा म्हणाली. मी तिचं तोंड बघितलं आणि बाजूला झालो. खुर्चीसकट.

तिनं पेटी ओढली. मागे वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं, हिला चक्कर आली की काय. नंतर तिचे खांदे हलताना दिसले. पोर हसत होती!

"मामा, ही टोपणं?"

"सील हाय ते. तोडायचं न्हाई."

"मामा, धूळ जाऊ नये म्हणून असतात ती. काढूनच वायर लावायची. तुमी वायर जुन्याच जागी ठेवली. कार्ड बिचारं आठवडाभर पंखा घेत नुसतं बसलंय!"

बाबाराव म्हणाला, "अन् त्या बसलेल्यासाठी माझी गिरणी बंद! सासऱ्याच्या घरी जावईसुद्धा इतका मान घेत न्हाई!"

खोलीत जो काही दंगा उडाला, तो मी सांगणार नाही.

वैशालीनं टोपण उपटलं. वायर जुन्या भोकातून काढली. पडदा काळा झाला आणि आमची मंडळी ओरडली, "गेलं! होतं तेबी गेलं!" तिनं वायर नव्या कार्डात खुपसली. पडदा उजळला. आणि काय सांगू! दार खाडकन उघडलं. आम्ही आत शिरलो. झुंबरं, खुर्च्या, नवरानवरीचं व्यासपीठ, पंगतीची जागा, पाण्याचे नळ, सगळीकडून आम्ही पाखरासारखे फिरून आलो. कुठे अडकलं नाही. दळणवाल्या बायकांनी स्वयंपाकघर पुन्हा दाखवायला लावलं. "मोरी लहान हाय ग वैशाली," एक म्हणाली. वैशालीनं तिथल्या तिथे मोरी मोठी केली!

गुत्तेदार परत बसला. "हे आधी का पळत नव्हतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वैशाली तोंड सरळ ठेवून म्हणाली, "आमच्या मामांनी नवं कार्ड रुळायला ठेवलं होतं, साहेब. एकदम ताण दिला नाही."

बाबारावला जोराचा खोकला आला.

"बसवलं कुणी?"

"मी!" मी म्हणालो. का म्हणू नये? एक तरी स्क्रू ढिला होता का?

काम वैशालीला मिळालं. शहरातला माणूस शहरातच राहिला. मंगल कार्यालय आता उभं राहायलंय आणि मोरी मोठीच ठेवली आहे. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. सुनेचं काम आहे म्हणून तिथल्या गवंड्यालाही सांगून आलो. त्यानंही विचारलं नव्हतं.

परवा बाबारावच्या गिरणीची मोटर जळाली. तो दारात येऊन उभा. "वैशालीताई हायेत का?"

मी ओट्यावरच होतो. "मोटर जळाली अन् तिला विचारता? मोटर माझं काम हाय!"

"तुमचंच हाय, मिस्त्री. भरा तुमी, बसवा तुमी. फक्त चालू करायच्या आधी मागून एकदा बघायला ताईला संगं आणा."

मी मोटर भरली. मीच बसवली. जोड बिनचूक होता.

वैशालीनं मागून वाकून बघितलं, मान हलवली, आणि मगच बाबारावनं बटण दाबलं.