दुसऱ्या चढावर पुढे झुकायचं

कॉलेजात आपल्या भागातल्या एखाद्या जागेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा बहुतेकांनी किल्ला घेतला. काहींनी चर्च घेतलं. मी अर्नाळ्याच्या रस्त्यावरचा पार्क घेतला, आणि मग बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. त्याला इतिहास म्हणता येईल का, याची मला खात्री नव्हती. अजूनही नाही.

पार्क म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, एक कॅन्टीन, आणि मधोमध रोलर कोस्टर. मी लहान असताना तो बोळिंजला आमच्या गच्चीवरून दिसायचा. आता मध्ये टॉवर आले. आई तिथे कॉस्च्यूमच्या काउंटरवर होती. लोकांना पाण्यात उतरायला भाड्याने कपडे द्यायचे, ओले परत घ्यायचे, धुऊन दोरीवर टाकायचे. आमच्या घरातला नायलॉनचा वास मला कॉलेजात जाईपर्यंत कळलाच नव्हता. एका मैत्रिणीने विचारलं, तेव्हा कळला.

भरभराटीचे दिवस मला दसऱ्यामुळे आठवतात. त्या दिवशी कोस्टरच्या पुढच्या डब्याला झेंडूचं तोरण लावायचे, रुळावर नारळ फोडायचे, आणि कामगारांच्या मुलांना एक फेरी फुकट मिळायची. एरवी आम्हाला त्या बाजूला फिरकू द्यायचे नाहीत, कारण रांग तिकीटखिडकीपर्यंत आलेली असायची. डहाणूपासूनच्या शाळांच्या सहली यायच्या. आई घरी आली की तिचे हात पाण्याने पांढरे पडलेले असत आणि ती जेवताना बोलत नसे.

मग गर्दी कमी होत गेली. एका दिवसात काही झालं नाही. हायवेकडे मोठे पार्क झाले, मॉलमध्ये मुलांचे खेळ आले, आमचा रस्ता खड्ड्यांचाच राहिला. कामगार कमी केले. राहिलेल्यांनी सगळंच करायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे कोणी तसं बोललं नाही, पण ठरलं.

इथे कोस्टरबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते. तिथून पुढे गाडी आपल्याच वजनाने धावते, तिला इंजिन नसतं. दुपारनंतर आमच्याकडे समुद्रावरून वारा सुटतो. गाडी हलकी असली आणि वारा समोरून असला, तर ती दुसरा चढ पार करत नाही. एकदा तसं झालं होतं. गाडी चढावरून मागे आली आणि खोलगट भागात अडकली. माणसांना शिडी लावून उतरवलं आणि रिकामी गाडी दोर बांधून ओढत आणली. त्यानंतर नियम झाला की निम्मी गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही. गिऱ्हाइकं कमी असतील तर कामगारांनी बसायचं.

याला वजनाला बसणं म्हणत. कोस्टर चालवणारे काका अर्नाळ्याचे होते. घरची होडी भावाकडे गेली म्हणून ते इकडे आले होते. ते वरून ओरडायचे, "वजन पाठवा रे." मग कॅन्टीनचा आचारी हात पुसत निघायचा, झाडूवाल्या मावशी निघायच्या, आई निघायची. आचारी सगळ्यांचा लाडका, कारण तो एकटा दोघांच्या जागी चालायचा. आई किरकोळ अंगाची. काका तिला म्हणायचे, "वहिनी, जेवून यावा. तुम्ही बसल्या काय, नाय बसल्या काय, गारीला समजत नाय."

दुसऱ्या चढावर गाडी अगदी मंद व्हायची. तेव्हा कामगार सगळे एकदम पुढे झुकायचे. ही पद्धत आचाऱ्याने काढली होती. तसं झुकल्याने गाडी खरंच पार होते का, मला सांगता येणार नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं हा खेळाचाच भाग आहे, मग तीही झुकायची आणि हसायची. एकदा डब्यात शेजारी बसलेल्या मुलीने आईला विचारलं होतं, काकी, तुम्हाला भीती नाही वाटत? आईने सांगितलं की आधी वाटायची, आता वर गेल्यावर दोरीवरचे कपडे सुकलेत का ते दिसतं.

पार्क किती खाली आलाय, हे मला आईच्या मानेवरून कळायचं. आधी महिन्यातून एखाद्या वेळी बसावं लागे. मग दर रविवारी. मग रविवारी दोनदा, तीनदा. तिची मान दुखू लागली, मग सकाळी उठताना चक्कर येऊ लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मानेला झटके बसता कामा नयेत, नाहीतर पुढे हात बधिर होतील. आईने मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाली, हे पार्कात बोलायचं नाही. काउंटरवर यायला बायका टपलेल्या आहेत. हात गेले तर कपडे कशाने पिळणार, हे मी तिला विचारलं नाही. तिलाही ते ठाऊक असणारच.

परीक्षेआधीच्या एका रविवारी ती गोळ्या घरीच विसरली, म्हणून मी द्यायला गेले. पार्कात वालीवच्या कारखान्यातली पाच-सहा पोरं सुट्टीला आली होती. ती सोडून फारसं कोणी नव्हतं. वरून हाक आली. आई उठली आणि काउंटरला धरून उभी राहिली. तिला गरगरत होतं.

मी म्हटलं, मी बसते. ती नको म्हणाली, पण फार जोराने नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि माझ्या सीटचा, मांडीवर येणारा दांडा खाली लावला.

दसऱ्याला बसायचे तोच डबा होता. पण या वेळी सीट फाटलेली होती आणि दांड्याला गंज होता. पोरं पहिल्या चढापासूनच ओरडत होती. मला ओरडावंसं वाटलं नाही. दुसऱ्या चढावर गाडी हळू झाली, फारच हळू, आणि मागून आचाऱ्याचा आवाज आला, "झुका." मी झुकले. सगळे झुकले. वारा कानात भरला होता. गाडी थांबल्यासारखी झाली, आणि मग सुटली. तेवढ्यात मला खाली आई दिसली. रांगेच्या रेलिंगला धरून ती वर बघत होती.

मी उतरले तेव्हा ती म्हणाली, "खालनं मी कधी बघितलंच नव्हतं गो." गोळी गिळून म्हणाली, "त्या चढावर तुम्ही सगळी नमस्कार घातल्यासारखी दिसता."

मग ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. मी मागे गेले. साहेब म्हणजे मॅनेजर. वाईट माणूस नव्हता, त्याचाही पगार अडकलेला असे. आईने सांगितलं की यापुढे ती वजनाला बसणार नाही. तो म्हणाला, "मग काय करू, तुम्हीच सांगा."

"वाळूच्या गोण्या ठेवा."

"गोणीशेजारी बसायला तिकीट कोण काढेल, बाई?"

मला वाटलं, आता आई परत फिरणार. ती म्हणाली, "मग मला काउंटरवरनं काढा. पण मी बसणार नाही. आणि ही पण नाही."

त्याने पंख्याकडे बघितलं. म्हणाला, उद्या बोलू. उद्या कोणी बोललं नाही, परवाही नाही. आईची नोकरी राहिली. पण पुढच्या रविवारी आचारी म्हणाला, माझीही पाठ धरते. मग मावशी. कोस्टर फक्त गर्दी असेल तेव्हा चालू लागला, म्हणजे जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात तेलपाण्यासाठी बंद केला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

आता तिथे लग्नं होतात. घसरगुंड्यांच्या हौदावर फळ्या टाकून स्टेज केलंय. कोस्टरचा सांगाडा कापायला कोणी पुढे येत नाही, म्हणून त्यावर दिव्यांच्या माळा सोडतात आणि नवरा-नवरी त्याच्यासमोर फोटो काढतात. काका जनरेटर बघतात. आई खुर्च्यांची कव्हरं धुते आणि जुन्या रांगेच्या रेलिंगवर वाळत घालते. मान बरी आहे. पूर्ण नाही.

तिने मला एकदा विचारलं, आपण नाही म्हटलं म्हणून बंद पडला का? मी तिला हायवे, मॉल, रस्ता, गंज, सगळं समजावलं. कॉलेजात शिकते म्हणून मला ते नीट मांडता यायला हवं होतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ते आहेच." आणि मग, "पण तरी चालत होता ना."

परवा मी तिला मदत करायला गेले होते. लग्नातला एक लहान मुलगा रेलिंगपाशी आला, वर बघून म्हणाला, आजी, हे खरंच चालायचं?

"चालायचं," आई म्हणाली. "त्या तिथे जरा पुढे झुकावं लागायचं."

तो अजून वरच बघत होता. आईने कव्हरचं एक टोक माझ्याकडे दिलं, आणि आम्ही दोघींनी ते पिळलं.