गळतंय ना?

घोडपदेवच्या आमच्या मिस्त्रींकडे माझी जुनी गाडी सहाव्यांदा नेली, तरी तेल गळायचं थांबेना. पार्किंगमधल्या डागांवरून सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शिव्या मी खायच्या, आणि मिस्त्री कानात काडी फिरवत म्हणणार, "गळतंय ना साहेब? मग जिवंत आहे!"

वैतागून एका रविवारी मी त्यांना जुन्या गाड्यांच्या छोट्या म्युझियममध्ये नेलं. म्हटलं, "बघा. तुमच्या-माझ्याहून म्हाताऱ्या गाड्या, पण खाली एक डाग नाही!"

ऐकतायत कुठे? दोरी ओलांडून ते थेट एका लाल गाडीखाली आडवे झाले. वॉचमन ओरडत धावला, लोकांनी मोबाइल काढले. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मिस्त्रींनी फरशीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि पडल्यापडल्याच वॉचमनला विचारलं, "इंजिन नाही ना हिच्यात?"

"कधीच काढलंय," तो म्हणाला.

मिस्त्री उठले. चपला बाजूला काढून त्यांनी बॉनेटला हात जोडले, आणि बाकीच्या गाड्यांकडे न बघता बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी गॅलरीतून पुन्हा ओरडले. मी वाकून गाडीखालच्या डागाला बोट लावलं. ओलं लागलं, आणि च्यायला, मला बरं वाटलं.